‘वर आलो’चा रकाना

९ जानेवारी

प्रिय भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी ‘बरी आहे’च्या पुढे जात नाही, ही तुझी तक्रार मान्य. कागदावर मला जास्त बोलता येतं. लिहायला शिकले तीच तुला पत्रं लिहून. तू दहा वर्षांची, आणि मामीची पत्रं लाल पेनाने तपासून परत पाठवायचीस. त्यातलं एक अजून जपून ठेवलंय. ‘शेरा: बरे आहे, अक्षर सुधारावे.’

तर बातमी खरी आहे. आमच्या हॉस्पिटलच्या दुरुस्ती विभागात जे सॉफ्टवेअर येतंय ते तुमच्याच कंपनीचं. साहेबांनी काल सगळ्यांना बोलावून सांगितलं. नळ गळो, दिवा जावो, लिफ्ट अडको, वॉर्डातली सिस्टर कॉम्प्युटरवर तक्रार टाकणार आणि ती थेट मिस्त्रीच्या मोबाइलवर जाणार. वही बंद. हे ऐकल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण वही म्हणजे मी. माझं नावच इथे वहीबाई.

पुढचं तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण हे तू तुझ्या ऑफिसात वाचून दाखवावंस असं मला वाटतं. नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे वही नव्हती, सगळा तोंडी कारभार. तुझा मामा लिफ्ट दोनच्या खड्ड्यात उतरला होता. कोणीतरी फोनवर म्हणालं, ‘झालं काम.’ स्विचरूममधल्या माणसाने लिफ्टच्या विजेचं हँडल वर केलं.

मामाच्या जागी मला घेतलं तेव्हा मी एक वही मागितली आणि स्विचरूमच्या वाटेवर एक टेबल. पाच रकाने आखले. तक्रार काय, जागा कुठली, कोण गेला, किती वाजता गेला. पाचवा रकाना ‘वर आलो’. तो मिस्त्रीने स्वतः येऊन, माझ्यासमोर उभं राहून भरायचा. फोनवर नाही, निरोपावर नाही. तो भरला की मी स्विचवाल्याकडे बघून मान हलवते, मग तो हँडलला हात लावतो. अकरा वह्या भरल्या अशा. पाचवा रकाना कोरा राहिलेली ओळ त्यांत एकच आहे, पहिल्या वहीची पहिली. ती मी कामाच्या पहिल्या दिवशी मामाच्या नावाने लिहिली होती.

तुमच्या सॉफ्टवेअरला पाचवा रकाना आहे का, तेवढं कळव.

तुझी,
मामी


१४ जानेवारी

प्रिय मामी,
सा. न.

शेरा: अक्षर सुधारले, टोमणे वाढले.

तुझं पत्र मी खरंच ऑफिसात वाचून दाखवलं. ऐकून आमचे बॉस म्हणाले, ‘तुझ्या मामींना सांग, चाचणीत आम्हाला अजिबात सोडू नका.’ तेव्हा सोडू नकोस.

हे कसं चालतं ते सांगते. सॉफ्टवेअरच्या दोन प्रती असतात. एक चाचणीची, एक खरी. चाचणीच्या प्रतीत लिहिलेलं कुठेही जात नाही. हॉस्पिटलला आग लागली असं लिहिलंस तरी कोणी बादली घेऊन धावणार नाही. तिथे तुम्ही सहा आठवडे वाटेल ते लिहून बघायचं, चुकायचं, आम्हाला बोल लावायचे. मग ४ मार्चला खरी प्रत सुरू होईल. त्या दिवसापासून प्रत्येक ओळ खरी.

एकच पथ्य. चाचणीत खऱ्या मिस्त्रींची नावं घालू नकोस, मोबाइलवरचा निरोप तेवढा चाचणीतूनही जातो, त्यांचे फोन दिवसभर वाजत बसतील. एखादा मिस्त्री मनाने बनव. नाव काहीही, नंबर काहीही.

पाचव्या रकान्याचं उत्तर मात्र तुला आवडणार नाही. आमच्याकडे ‘बंद करा’ असं एक बटण आहे. मिस्त्री दाबू शकतो, सिस्टर दाबू शकते, तू दाबू शकतेस, आणि अडचण आली तर इथून आम्हीही. कोणी कोणासमोर उभं राहायचं वगैरे त्यात नाही. मी बॉसना विचारते.

तुझी,
भिंगरी


२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरीस,
आशीर्वाद.

तक्रारीला तुम्ही तिकीट का म्हणता? कुठे जायचं असतं तिला? आमचा लंबू म्हणतो, ‘वहीबाई, आता बिनतिकिटाचं खड्ड्यात उतरलो तर दंड पडणार.’ लंबू म्हणजे मामाच्या नंतरचा आमचा लिफ्टचा मिस्त्री. दोन मुलींचा बाप, पण चेष्टेशिवाय एक वाक्य निघत नाही. एवढा उंच की खड्ड्यातून वर येताना दर वेळी डोकं आपटतो, दर वेळी लिफ्टला चार शब्द ऐकवतो आणि कपाळ चोळत माझ्या टेबलाशी येऊन सही करतो. त्याच्या शिव्या ऐकू आल्या की मी पेन पुढे करून ठेवते.

कॉम्प्युटर जमतोय. मराठी अक्षरं शोधताना पहिले दोन दिवस जीव मेटाकुटीला आला, आता बोट बसलंय. तू म्हणालीस तसा एक मिस्त्री बनवला. रोज सकाळी त्याला चार-पाच कामं देते. लिफ्ट दोनचं दार, भट्टीघराचा पंखा. सुचेनासं झालं की घरचीही कामं देते, मोरीचा नळ किंवा गच्चीच्या दाराची कडी. खोटंच आहे तर कुठे बिघडलं? माणूस कामाला चोख आहे. साडेपाचला निघण्याआधी मी त्याच्या सगळ्या ओळी बंद करते. रकाना नाही म्हणून शेऱ्याच्या जागेत ‘वर आलो’ असं लिहिते.

आता तक्रार ऐक, आणि ही खरी आहे. परवा चाचणीतच तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरने दिव्याची एक ओळ खुर्चीत बसून बंद करून टाकली. मी विचारलं, ‘मिस्त्री आला होता?’ ती म्हणाली, ‘आला असेल की.’ दिव्याचं ठीक आहे. पण खड्ड्यात उतरलेल्या माणसाबद्दल कोणी ‘आला असेल की’ म्हणालं तर काय करायचं, ते मला तुझ्या बॉसकडून लेखी हवंय.

तुझी,
मामी


८ फेब्रुवारी

प्रिय मामी,
सा. न.

बॉसचं उत्तर आधी. रकाना होईल, पण दुसऱ्या टप्प्यात, जूनमध्ये. तुमच्या साहेबांनी ४ मार्च ही तारीख वरपर्यंत कळवली आहे, त्याच्या आत नवीन काही घालायला ते तयार नाहीत. मी दोनदा भांडले. दुसऱ्यांदा मला बाहेर जायला सांगितलं.

आता दुसरं. चाचणीच्या सगळ्या ओळी माझ्याकडे येतात, त्यामुळे तुझा मिस्त्री मला दिसला. मामाचं नाव, मामाचाच जुना नंबर. ऐंशीच्या वर तिकिटं, सगळी साडेपाचच्या आत बंद. मोरीचा नळ, गच्चीची कडी, तुझ्या चष्म्याची काडी, आणि प्रत्येकीखाली ‘वर आलो’. मी सगळी वाचली. शेजारच्याने विचारलं, डोळ्यांत काही गेलं का. हो म्हणाले. बाकी कुणाला बोललेले नाही.

पण मामी, एक गोष्ट करावीच लागेल. ४ मार्चला ही तिकिटं पुसली जातील, मात्र मिस्त्रींची यादी खऱ्या प्रतीत तशीच जाते. आणि तातडीचं काम कोणाला द्यायचं ते सॉफ्टवेअरच ठरवतं. ज्याच्याकडे पडून काम नाही आणि जो सगळ्यांत लवकर उरकतो, त्याला. प्रत्येक नावापुढे तसे गुण असतात, तेही सोबत जातात. तू मामाला इतका चोख केला आहेस की यादीत तो पहिला आहे. त्याचं नाव राहिलं तर पहिली तातडीची तक्रार त्याच्याकडे जाईल.

मी इथून एका मिनिटात काढू शकते. पण ते मी करावं असं मला वाटत नाही, तूच कर. नावावर बोट ठेव, ‘काढा’ दाब. तुला जमेल त्या दिवशी. पण ४ मार्चच्या आधी.

तुझी,
भिंगरी


२८ फेब्रुवारी

प्रिय भिंगरीस,
आशीर्वाद.

तू सांगितलंस ते केलं. त्यावर आता आपण बोलायचं नाही.

इकडची हवा तापली आहे. साहेबांनी लेखी हुकूम काढलाय. सोमवारपासून स्विचरूममध्ये मोठा बोर्ड लागणार, टीव्हीसारखा. लिफ्टवर तक्रार असेल तर लाल, बंद झाली की हिरवा. हिरवा दिसला की स्विचवाल्याने हँडल वर करायचं. वहीबाईच्या मानेची वाट बघायची नाही. हे शेवटचं वाक्य जसंच्या तसं हुकमात आहे.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, ‘साहेब, लिफ्टपुरती तरी वही ठेवा.’

‘ताई, तुमचा त्रास मी समजू शकतो,’ ते म्हणाले. ‘पण नऊ वर्षं झाली.’

‘म्हणूनच म्हणते, नऊ वर्षं कोणी गेलं नाही.’

‘दोन ठिकाणी नोंदी झाल्या की गोंधळ होतो. तुम्हाला सॉफ्टवेअर नको आहे हे सगळ्यांना दिसतंय.’

मला सॉफ्टवेअर नको असं मी कधी म्हटलं? उलट सिस्टरची तीन जिन्यांची पायपीट वाचली याचं मला बरंच वाटलं. मला फक्त माणूस समोर उभा दिसायला हवा. खड्ड्यात उतरताना स्विचला कुलूप लावायचाही नियम आहे, पण ते कुलूप दोन वर्षं मागणीच्या यादीतच अडकलंय.

स्विचवाला हुकूम वाचून माझ्याकडे बघत होता. नऊ वर्षांपूर्वीचा तोच आहे हा. चौकशीत त्याची चूक निघाली नाही, त्याला फोनवर सांगितलं गेलं होतं. त्यानंतर तो माझ्या मानेशिवाय कधी हँडलला शिवला नाही. मी कामापुरती मान हलवते, बोलत नाही. काल तो हुकमाचा कागद हातात धरून माझ्या टेबलापाशी उभा राहिला. मग त्याची घडी करून खिशात ठेवली आणि स्विचरूममध्ये गेला.

अकरा वह्या कपाटात गेल्या, किल्ली साहेबांकडे. बारावी, कोरी, माझ्या पिशवीत आहे. त्यांनी मागितली नाही, मी दिली नाही.

तुझी,
मामी


मंगळवार, ५ मार्च

प्रिय मामी,
सा. न.

खरी प्रत सुरू होऊन दोन दिवस झाले आणि काही पडलं-झडलं नाही. कालपासून त्र्याहत्तर तक्रारी, त्यांतल्या एकसष्ट बंद. बॉस चक्क हसले. पहिला आठवडा मी इथे बसून तुमच्या सगळ्या ओळींवर नजर ठेवते आहे, काही अडलं तर सोडवायला.

म्हणूनच हे पत्र लगेच लिहिते आहे. रागावू नकोस, आणि लाजूही नकोस. आज दुपारी तीनच्या सुमाराला खऱ्या प्रतीत मामाच्या नावावर एक ओळ दिसली. लिफ्ट दोन. तू त्याचं नाव काढलं नाहीस हे कळलं. आणि त्याला काम दिल्याशिवाय तुला राहवलं नाही, हेही कळलं. मी असते तर मलाही नसतं राहवलं. पण आता हे सगळे बघतात गं. तुमचे साहेब तर टपलेलेच आहेत. कोणाच्या लक्षात येण्याआधी मी ती ओळ गुपचूप बंद करून टाकली. शेऱ्यात ‘वर आलो’ लिहिलं, तू लिहितेस तसंच. कोणी बंद केली ते फक्त आम्हाला इथे दिसतं, तिकडे कोणालाच नाही. तेव्हा निश्चिंत राहा.

नाव मात्र आता काढ. हवं तर फोनवर मी सोबत थांबते.

तुझी,
भिंगरी


मंगळवार, ५ मार्च, संध्याकाळ

भिंगरी,

आज लिफ्ट दोनवर जे झालं ते क्रमाने लिहिते. आज अक्षराला लाल शेरा देऊ नकोस.

दुपारी सव्वादोनला तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरने तातडीची तक्रार टाकली. लिफ्ट दोन मजल्याच्या वीतभर खाली थांबते, स्ट्रेचरची चाकं अडकतात. सॉफ्टवेअरने ती मामाला दिली. हो. मी नाव काढलं नव्हतं. तीन वेळा ‘काढा’वर बोट नेलं आणि मागे घेतलं. तुला खोटं लिहिलं. मला वाटलं होतं, एवढ्या नावांत एक नाव पडून राहिलं तर कोणाचं काय जातं.

निरोप गेला मामाच्या नंबरवर. तो फोन माझ्या कपाटात नऊ वर्षं बंद पडलाय. वीस मिनिटं कोणी येईना म्हणून सिस्टरने जिन्यात लंबूला गाठलं आणि तोंडी सांगितलं. लंबूने स्विचरूममध्ये डोकावून बोर्ड बघितला. लिफ्ट दोन लाल. त्याला वाटलं, नोंद आहे, झालं. कोणाच्या नावावर आहे ते बोर्डावर दिसत नाही. हँडल खाली करायला लावून तो निघाला. माझ्या दारावरून जाताना सवयीने म्हणाला, ‘वहीबाई, दोनमध्ये उतरतोय. तिकीट आधीच फाडलंय कोणीतरी.’

मीही सवयीने पिशवीतली वही काढली आणि लिहिलं. लिफ्ट दोन, लंबू, दोन चाळीस. मग पाणी प्यायला उठले.

परत आले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्या टेबलावरून स्विचरूमच्या उघड्या दारातून बोर्डाचा कोपरा दिसतो. लिफ्ट दोन हिरवी होती.

मी वही बघितली. पाचवा रकाना कोरा. लंबू आला नव्हता, शिव्या ऐकू आल्या नव्हत्या. तरी एक क्षण मला वाटलं, मी पाण्याला गेले तेवढ्यात तो येऊन गेला असेल. ‘आला असेल की.’ हे शब्द माझ्याच डोक्यात आले, भिंगरी. मग मी धावले. मधे फक्त वीस पावलं आहेत. गुडघ्यांनी ती दोनशे केली.

स्विचवाल्याचा हात हँडलवर होता. मी मधे शिरले आणि पाठीने हँडल दाबून धरलं.

‘बाई, बाजूला व्हा. बोर्ड हिरवा आहे.’

‘माणूस आला नाही.’

‘हुकूम आहे. तिसऱ्या मजल्यावर स्ट्रेचर खोळंबलंय, दोनदा फोन आला.’

‘माणूस वर आला नाही म्हणते ना मी.’

‘बंद केल्याची नोंद आहे, बाई. हे बघा, शेरासुद्धा आहे, वर आलो म्हणून.’ त्याने दुसऱ्या हाताने टेबलावरचा कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

मी म्हटलं, ‘कोण वर आला? नाव वाचा.’

त्याने वाकून नाव वाचलं. मोठ्याने नाही. ओठ हलले फक्त. मग हँडल सोडून तो खाली बसला, स्टूल होतं तिथे नाही, जमिनीवरच.

मी हँडल सोडलं नाही. किती वेळ तशी उभी होते माहीत नाही, त्याच्या म्हणण्याप्रमाणे चार-पाच मिनिटं. मग जिन्याकडून डोकं आपटल्याचा आवाज आला आणि लंबूच्या शिव्या. आयुष्यात इतकं गोड काही ऐकलं नाही. तो दारात आला, आम्हा दोघांकडे बघून म्हणाला, ‘काय झालं? कोण गेलं?’ मी वही पुढे केली, त्याने सही केली. तीन वाजून सोळा.

साहेब आले. पिशवीतली वही बघून आधी त्यावरच बोलले. मग म्हणाले, ‘ती ओळ तुमच्याच टेबलावरून बंद झाली असणार. मेलेल्या माणसाचं नाव आत घालणारं दुसरं आहे कोण? सॉफ्टवेअर बदनाम व्हावं म्हणून केलंत हे.’ मी म्हटलं, नाव माझं काम, बंद करणं माझं नाही. त्यांचा विश्वास नाही. शुक्रवारी, पंधरा तारखेला चौकशी आहे. तोवर बाहेर बोलायचं नाही असं बजावलंय, तुमच्या कंपनीतही कळवलेलं नाही.

मला नोकरीची भीती नाही. मला एवढंच कळायला हवं की ती ओळ कोणी बंद केली. चूक सापडली नाही तर उद्या पुन्हा हिरवं होईल. तो शेरा मीच रोज लिहायचे, तो कोणाला माहीत होता?

मामी


शनिवार, ९ मार्च

प्रिय मामी,

तुझं पत्र काल मिळालं. माझं तुला त्याआधीच मिळालं असेल. म्हणजे कोणी बंद केली ते तुला कळलंय, आणि तरी तू फोन केला नाहीस.

मी केली. तीन वाजून आठ मिनिटांनी. वेळ इथे लिहिलेली आहे, आता मी ती पाठ म्हणू शकते. सिस्टरचं नाव तक्रारीत होतं, तिसरा मजला होता, स्ट्रेचर होतं. मी ते वाचलंच नाही. मामाचं नाव दिसलं आणि मला वाटलं मला सगळं कळलं. एक फोन केला असता तर पुरे होतं. इतक्या वर्षांत तुझ्या पत्रात मला एक वेलांटी चुकलेली दिसायची, आणि ज्या दिवशी नीट वाचायला हवं होतं त्या दिवशी मी वाचलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी फोनवर ‘झालं काम’ म्हणणारा माणूस कोण होता, ते आपल्याला कधी कळलं नाही. मी त्याला मनात किती बोल लावले असतील. त्यालाही वाटलं असेल, आपण कोणाचं तरी काम सोपं करतोय.

आज सुट्टी असूनही बॉसच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘तू गप्प बसली असतीस तर हॉस्पिटलला हे कधीच कळलं नसतं.’ मी म्हटलं, ‘म्हणूनच आले.’ तुमच्याकडच्या लिफ्टच्या तक्रारी त्यांनी तासाभरात खऱ्या प्रतीतून बाहेर काढल्या आणि तुमच्या साहेबांना स्वतः फोन केला. लिफ्टपुरती वही पुन्हा सुरू आहे. तुझ्या दारात निरोप आला असेलच.

शुक्रवारी मी चौकशीला येते आहे. माझ्या नावाचा कागद सोबत असेल, कोणी, किती वाजता, कुठून. आदल्या दिवशी घरी पोचते. जेवायला काही विशेष करू नकोस. आणि तुला मला जे काही बोलायचं असेल ते बोल, पत्रात नाही, समोर.

भिंगरी


शुक्रवार, २२ मार्च

प्रिय भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू समोर बोल म्हणालीस आणि मी काहीच बोलले नाही. दोघी मोरीचा नळ दुरुस्त करत बसलो. बरं झालं, तो आता गळत नाही.

चौकशीत तू उभी राहून ‘मी बंद केली’ म्हणालीस तेव्हा साहेबांचा चेहरा पडला, पण मला त्याचा आनंद झाला नाही. तुझ्या मागोमाग मी उभी राहिले, कारण नाव ठेवणारी मी आणि खोटं लिहिणारीही मी. तुला कंपनीने समज दिली, मला हॉस्पिटलने दिली. तुझा ओळी बंद करायचा अधिकार काढून घेतला. ते योग्य झालं, असं तूच म्हणालीस. साहेबांच्या हुकमातलं शेवटचं वाक्य खोडलं गेलं. त्यांना समज कोणी दिली का ते कळलं नाही. कुलूप मात्र दुसऱ्याच दिवशी आलं. दोन वर्षं वाटेत होतं, बिचारं.

आज लिफ्टच्या तक्रारी पुन्हा खऱ्या प्रतीत आल्या. जूनचा रकाना तू पाच दिवसांत केलास. लंबूने सकाळपासून तीनदा करून बघितला. मिस्त्रीने माझ्या टेबलाशी येऊन स्वतःचे चार आकडे घातल्याशिवाय ओळ बंद होत नाही. सिस्टरने दाबलं तरी नाही, साहेबांनी दाबलं तरी नाही, तुमच्या कंपनीतूनही नाही. वर नाव लिहिलंय ‘वर आलो’. माझ्या अक्षरापेक्षा सुबक आहे.

दुपारी मामाचं नाव काढायला बसले. कॉम्प्युटर काढू देईना. म्हणे, या मिस्त्रीकडे एक काम उघडं आहे. चौकशीत पाच मार्चची ती ओळ पुन्हा उघडली होती ना, तीच. आता ती बंद करायची तर मामाने माझ्यासमोर येऊन आकडे घालायला हवेत. तुझा नियम फार कडक झालाय, भिंगरी. मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. मग ज्याने काम केलं होतं त्याच्या नावावर ती फिरवली आणि लंबूला बोलावलं. त्याने उभ्याउभ्या आकडे घातले आणि म्हणाला, ‘सतरा दिवसांनी वर आलो. एवढा खोल खड्डा कुठे बघितलाय का, वहीबाई?’ मी हसले. त्याने पहिल्यांदाच चेष्टा तिथे थांबवली आणि जाताना माझ्या पेनाचं टोपण लावून ठेवलं.

मग ‘काढा’ दाबलं. कारण लिहा, असं आलं. मी लिहिलं, ‘आता कामावर नाही.’ नाव गेलं. मला वाटलं होतं काहीतरी होईल. यादी एका ओळीने वर सरकली, एवढंच.

साहेबांनी कपाटाची किल्ली परत दिली आहे. पहिल्या वहीचं पहिलं पान उघडून बघितलं. त्या ओळीचा पाचवा रकाना कोरा आहे. चाचणीच्या प्रतीत मी तो शंभरावर वेळा भरला, इथे नाही भरणार. ही वही खरी आहे.

साडेचारला लंबू लिफ्ट दोनमध्ये उतरला, रोजची तपासणी. पाचला डोकं आपटलं, शिव्या घातल्या, कुलूप काढलं, येऊन आकडे टाकले. बोर्ड हिरवा झाला. स्विचवाला हँडलपाशी होता, त्याला बोर्ड समोरच दिसत होता. तरी तो उठून माझ्या टेबलापर्यंत चालत आला.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘करू का वर?’

मी मान हलवली नाही. तोंडाने म्हणाले, ‘करा.’

तुझी,
मामी